मो विल्सनचा माहितीपट पाहिला? तपास, स्ट्रावा आणि आपल्या राइडचे नकाशे

धरमपेठी

गेल्या आठवड्यात अर्ध्या सायकलवाल्या नागपूरने हा माहितीपट पाहिलेला दिसतो. व्हॉट्सअॅपवर त्यातून दोनच गोष्टी निघाल्या. एक, "स्ट्रावा डिलीट करा" (स्ट्रावा म्हणजे राइड नोंदवून इतरांना दाखवणारं अॅप). दोन, खून करणारी बाई कोस्टा रिकाला कशी पळाली याचे मीम. दोन्हींत मो विल्सन कुठेच नाही, म्हणून हा धागा. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट इथेच आहे.

थोडक्यात माहिती. अॅना मोरायाह विल्सन, सगळ्यांची "मो", अमेरिकेतल्या व्हरमाँटची, वय २५. आधी डार्टमथ कॉलेजच्या संघातून अल्पाइन स्कीइंग, मग ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यती. एप्रिल २०२२ मध्ये सी ऑटर क्लासिकची फ्युएगो शर्यत आणि बेल्जियन वॉफल राइड कॅलिफोर्निया, दोन्ही तिने जिंकल्या. टेक्सासातल्या हायको गावी ग्रॅव्हल लोकोस ही शर्यत होती, त्यासाठी ती ऑस्टिनला मैत्रिणीच्या घरी उतरली होती. ११ मे २०२२ च्या रात्री त्याच घरात तिला गोळ्या घातल्या. खून केटलिन आर्मस्ट्राँगने केला हे १६ नोव्हेंबर २०२३ ला ज्युरीने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ९० वर्षांची शिक्षा झाली. कॉलिन स्ट्रिकलंड हा व्यावसायिक ग्रॅव्हल सायकलपटू आर्मस्ट्राँगचा जोडीदार. २०२१ च्या शेवटी ते दोघं काही काळ वेगळे असताना त्याची मोशी जवळीक झाली होती. खुनाच्या संध्याकाळी तो आणि मो पोहायला आणि जेवायला गेले होते, आणि त्यानेच तिला घरी सोडलं.

प्रश्न विचारा, पण आधी तथ्यं तपासून घ्या.

तर्री_पोहे

भाऊ, माझा सरळ प्रश्न. स्ट्रावावर ती कुठे आहे हे दिसून राहिलं होतं म्हणूनच मारली ना? मग डिलीट करा म्हणण्यात काय चुकलं?

साडेपाच_तास_पुढे

स्ट्रावावर राइड संपून अपलोड झाल्याशिवाय दुसऱ्याला काही दिसत नाही. चालू राइडचं थेट ठिकाण फक्त बीकन ही त्यातली सोय दाखवते, तेही तुम्ही निवडलेल्या तीन जणांनाच. त्यामुळे "आत्ता ती कुठे आहे" हे स्ट्रावा सांगत नाही. ते सांगतं ते जास्त धोक्याचं: माणूस रोज कुठून निघतो, कुठे परततो, किती वाजता, कोणासोबत. एखाद्या पाहुण्याच्या शहरातल्या पहिल्याच राइडची सुरुवात आणि शेवट ज्या दारापाशी जुळतात, तिथे तो मुक्कामाला आहे हे कळायला पोलीस असावं लागत नाही.

खटल्यात सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की आर्मस्ट्राँग मोवर स्ट्रावातून लक्ष ठेवत होती. पण गुन्हा त्यावर सिद्ध झालेला नाही. दरवाजाच्या कुलपाची नोंद, शेजाऱ्याचा कॅमेरा, जीपमधला उपग्रह-डेटा, पुंगळ्या आणि सायकलवरचा डीएनए, या पाच गोष्टींवर सगळं उभं राहिलं. ज्याला तपासात रस आहे त्याने ही साखळी बघावी. माहितीपटवाल्यांना ती रटाळ वाटते, म्हणून घाईत उरकतात.

गोरेवाडा_एक्सप्रेस

"डिलीट करा" मधली दुसरी अडचण. दरवेळी मुलींनाच सांगितलं जातं की लपून राहा. मोने काय चूक केली होती? नकाशा लपवायचा तर तो सगळ्यांनी लपवावा. आपल्याकडच्या पुरुषांचे प्रोफाइल बघा: घराचा फाटक, सायकलीची किंमत, "पुढचा आठवडा गोव्यात" सगळं उघडं. सायकल चोराला एवढं पुरेसं आहे.

धरमपेठी

ताईंचा मुद्दा बरोबर. सेटिंगचा भाग वेगळा घेऊ. साडेपाच भाऊ, आधी ती साखळी सांगा. घड्याळाचा घोळ पण सांगा, तो भाग कोणालाच कळलेला नाही.

साडेपाच_तास_पुढे

घराच्या दारावर कोडचं इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं. त्याच्या नोंदीप्रमाणे रात्री ८.३६ ला दार उघडलं, म्हणजे मो आत गेली. शेजारच्या कॅमेऱ्यात ८.३७ ला एक काळी एसयूव्ही दिसते, मागे सायकल-रॅक लावलेला. आर्मस्ट्राँगच्या नावावर काळी जीप ग्रँड चेरोकी होती. दहाच्या सुमारास मैत्रीण परतली तेव्हा मो पडलेली सापडली. शेजाऱ्याच्या सुरक्षा कॅमेऱ्याने किंकाळी आणि गोळ्यांचा आवाज टिपला होता, तो ज्युरीला ऐकवला गेला.

आता घड्याळ. कुलूप, कॅमेरा, मोबाइल कंपनी आणि गाडी, चौघांचं घड्याळ वेगळं चालतं. गाडीतली प्रणाली बहुतेक वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंद ठेवते. मे महिन्यात ऑस्टिन यूटीसीच्या ५ तास मागे असतं. म्हणजे तिथले ११ मेचे रात्रीचे ८.३७ गाडीच्या नोंदीत १२ मे, ०१.३७ असे दिसतील. तपासणाऱ्याने तारीख न बघता फक्त ११ मेची नोंद काढली तर खुनाची वेळच गळून जाते. आपल्याकडे उलट: यूटीसीत साडेपाच तास मिळवायचे. पहाटे पाचची राइड यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराला पडते. आपल्या राइडच्या जीपीएक्स फाइलमध्ये वेळेच्या शेवटी "झेड" अक्षर दिसतं, ते यूटीसीचंच.

सीसीटीव्हीचं घड्याळ तर कोणी सेटच करत नाही. म्हणून फूटेज घेताना पहिलं काम: डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या) पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची नेटवर्कची वेळ एकाच फोटोत घ्यायची, फरक पंचनाम्यात लिहायचा. "डीव्हीआर ११ मिनिटं पुढे" एवढी एक ओळ नसेल तर उलटतपासणीत अख्खा क्रम हलतो.

उमरेड_रोड

फूटेज किती दिवस राहतं? इथल्या एका चोरीच्या वेळी दहाव्या दिवशी मागायला गेले तर "पुसलं गेलं" म्हणाले.

साडेपाच_तास_पुढे

हिशोब सोपा आहे. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीत ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) रेकॉर्ड करतो असं धरा. सेकंदाला अर्धा एमबी, दिवसाला सुमारे ४३ जीबी. चार कॅमेरे म्हणजे १७२ जीबी. एक टीबीची डिस्क साडेपाच दिवसांत भरते आणि जुनं आपोआप पुसायला लागते. नवी एच.२६५ पद्धत असेल आणि २ एमबीपीएसवर ठेवलं असेल तर साधारण अकरा दिवस. फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करायचं असं असेल तर आणखी टिकतं, पण तेव्हा रिकाम्या वेळेचं काहीच हाती नसतं, आणि "इथून कोणी गेलंच नाही" हे सिद्ध करणं अवघड होतं.

म्हणून अपघात असो, चोरी असो, पहिल्या ४८ तासांत दुकानदाराला सांगा, आणि तक्रारीत कॅमेऱ्याचं ठिकाण लिहा. नुसतं मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून आणू नका. त्यावर वेळ दिसेल, पण मूळ फाइलचं काहीच उरत नाही.

वकील_सिव्हिल_लाइन्स

त्यात कायद्याची भर घालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. जुन्या कलम ६५ ब ची जागा त्याने घेतली. फूटेजची प्रत कोर्टात द्यायची तर कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते आता दोन भागांत आहे. भाग अ, ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, म्हणजे दुकानदार किंवा सोसायटीचा सचिव. भाग ब, तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहायची असते, म्हणजे फाइलवरून निघणारा असा आकडा की फाइल जरा बदलली तरी तो बदलतो. फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याबरोबर हॅश काढली नाही आणि महिनाभराने काढली, तर मधल्या महिन्याचं काय झालं हा प्रश्न बचाव पक्ष विचारणारच.

प्रमाणपत्र नसेल तर प्रत बाद, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात पक्कं केलं. प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीचं. मूळ डीव्हीआरच हजर केला आणि मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यातच आहे. पण डीव्हीआर चार वर्षं मुद्देमाल खोलीत पडला की चालू होईलच याची खात्री कोण देणार?

दुसरी गोष्ट. आर्मस्ट्राँगचा खटला पूर्ण परिस्थितिजन्य पुराव्याचा होता. गोळी झाडताना कोणी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे अशा खटल्याला १९८४ चा शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल लागतो. त्यातल्या पाच कसोट्यांचा गाभा असा की प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध झाला पाहिजे, आणि सगळे मिळून आरोपी निर्दोष असण्याची एकही वाजवी शक्यता उरता कामा नये. या कसोटीवर नुसता स्ट्रावा पाहणं हा दुवाच होत नाही, कारण उघडं प्रोफाइल शेकडो लोक पाहतात. त्याने हेतूला बळ मिळतं, तेवढंच.

तर्री_पोहे

वकीलसाहेब, पण पिस्तूल तर त्या स्ट्रिकलंडनेच घेऊन दिलं होतं म्हणे. मग त्याला काहून सोडलं?

वकील_सिव्हिल_लाइन्स

त्याने दोन पिस्तुलं घेतली होती, एक स्वतःसाठी, एक तिच्यासाठी. शस्त्र घेऊन देणं तिथे कायदेशीर. खुनात त्याचा हात असल्याचा पुरावा मिळाला नाही, त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, आणि तो सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. मोचे मेसेज लपवायला त्याने फोनमध्ये तिचं नाव बदलून ठेवलं होतं हे त्याने मान्य केलं. ते नैतिक दृष्ट्या कसं, यावर खूप लिहिता येईल, पण इथे त्याच्यावर खुनाचा ठपका ठेवू नका. समाजमाध्यमांवर त्याच्याबद्दल जे चाललंय ते कोर्टात टिकणारं नाही.

मायक्रोस्कोप

पुंगळ्यांवर लिहितो, कारण "गोळी जुळली" हे वाक्य लोकांना फार सोपं वाटतं.

घटनास्थळी नऊ मिलिमीटरच्या रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. घरातून सिग सावर पी-३६५ हे पिस्तूल जप्त झालं. तुलना अशी होते: जप्त पिस्तुलातून पाण्याच्या टाकीत चाचणीच्या गोळ्या झाडतात, म्हणजे गोळी चेपत नाही आणि पुंगळ्याही मिळतात. मग दोन पुंगळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात. पाहायचं काय? फायरिंग पिनने मध्यभागी पाडलेला खड्डा, ब्रीच-फेसचे (पुंगळीच्या बुडाला टेकणाऱ्या भागाचे) समांतर ओरखडे, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टरच्या (पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांच्या) खुणा. आधी वर्गाची लक्षणं, म्हणजे त्या बनावटीच्या सगळ्याच पिस्तुलांत येणारी, मग त्या एकाच हत्यारावरची वैयक्तिक. अर्धवट अहवाल पहिल्या पायरीवर थांबतो आणि बातमी मात्र "पिस्तूल जुळलं" अशी येते.

अटकेच्या आधी ऑस्टिन पोलिसांनी कोर्टाला दिलेल्या शपथपत्रातली भाषा जपून होती: तेच हत्यार असण्याची शक्यता "लक्षणीय" आहे, एवढंच. पूर्ण तुलना पुढे खटल्यात आली. अहवालाची भाषा अशीच असावी. आपल्याकडच्या काही अहवालांत एका ओळीत "जुळते" लिहून मोकळे होतात, कोणत्या खुणा पाहिल्या ते नाही, फोटो नाही. असा अहवाल उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत आडवा पडतो.

बिघडतं कुठे? तीन पुंगळ्या एकाच प्लास्टिक पिशवीत टाकल्या की एकमेकींवर घासून नवे ओरखडे पडतात. प्रत्येक पुंगळी वेगळ्या कागदी पाकिटात, कापसात, वर क्रमांक आणि सापडल्याचं अंतर. पाकिटावर लाखेचं सील, आणि त्या मोहोरेचा नमुना प्रयोगशाळेला स्वतंत्र पाठवायचा. सील आणि नमुना जुळला नाही तर नागपूरची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा पाकीट उघडण्याआधीच ते नोंदवते, आणि मग तपास अधिकाऱ्याची पळापळ सुरू.

आता सायकल. मोची सायकल घरातून गायब होती, जवळच्या दाट झुडपात सापडली, आणि तिच्यावर आर्मस्ट्राँगचा डीएनए मिळाला. माझ्या मते अख्ख्या खटल्यातला सगळ्यात वजनदार दुवा हा. जीप तिथून जाताना दिसली याला सबब असते. ज्या सायकलशी तुमचा काहीच संबंध नाही ती झुडपात कोणी ढकलली?

उमरेड_रोड

पण हँडलबारवर हजार जणांचे हात लागतात. मेकॅनिक, ग्रुपमधला कोणी, शर्यतीत सायकल धरणारा.

मायक्रोस्कोप

हाच प्रश्न बचाव पक्ष विचारतो, आणि विचारायलाच हवा. स्पर्शाचा डीएनए हातोहात सरकतो. अ ने ब शी हात मिळवला, ब ने सायकल धरली, तर अ चे काही पेशी-कण सायकलवर येऊ शकतात. इथे तर दोघींच्या मध्ये स्ट्रिकलंड हा एक माणूस होताच. म्हणून नमुना कुठून घेतला, मिश्रणात कोणाचा वाटा किती, आणि मालकिणीच्या तुलनेत तो किती, हे सांगावं लागतं. नुसतं "सापडला" म्हणून भागत नाही.

स्वॅब घ्यायची पद्धत: आधी निर्जंतुक पाण्याने ओलावलेला, लगेच त्याच जागी कोरडा, दोन्ही एकाच नमुन्याचे. ग्रिप, ब्रेक-हूड, सॅडल, टॉप ट्यूब, प्रत्येकाचे वेगळे. हवेत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये बंद केले तर दमटपणाने बुरशी येते. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशात गाडीच्या डिकीत चार तास ठेवलेला नमुना म्हणजे प्रयोगशाळेचा वेळ वाया. आणि हातमोजे प्रत्येक वस्तूला बदलायचे, दिवसभर एकच जोडी घालून फिरायचं नाही.

नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि चित्रीकरण करणं सक्तीचं केलंय. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत जागा राखणारा शिपाई मात्र तोच, आणि सायकल "पावसात भिजते म्हणून" सावलीत ओढून ठेवणाराही तोच.

गोरेवाडा_एक्सप्रेस

मला पोलिसांच्या चुकीबद्दल बोलायचंय. १२ मेला आर्मस्ट्राँग पोलिसांच्या समोर बसलेली होती! एका जुन्या किरकोळ वॉरंटवर धरली होती, बोटॉक्सचे पैसे न दिल्याचं. मग कोणीतरी सांगितलं की वॉरंटवरची जन्मतारीख जुळत नाही, आणि ती उठून निघून गेली. १३ मेला जीप विकली, १२,२०० डॉलरला. १४ ला ऑस्टिनहून विमानाने निघाली. खुनाचं वॉरंट १७ मेला निघालं. १८ ला ती न्यूअर्कहून कोस्टा रिकाला, बहिणीच्या पासपोर्टवर.

लोक म्हणतात पळणारी हुशार होती. यात कसली हुशारी? पाच दिवस दार उघडं होतं.

वकील_सिव्हिल_लाइन्स

बरोबर, फक्त वॉरंटचं जरा समजून घ्या. जन्मतारीख न जुळणाऱ्या वॉरंटवर धरून ठेवलं असतं तर ती कैद बेकायदा ठरली असती, आणि त्या काळात ती जे बोलली ते बाद करून घेण्याचा अर्ज जास्त जोरात आला असता. तसा अर्ज आलाही होता, फेटाळला गेला. जुन्या वॉरंटचा आधार सुटला हे दुर्दैव, पण खरी ढिलाई पुढची. पिस्तूल ताब्यात आलेलं, जीप कॅमेऱ्यात दिसलेली, आणि विमानतळाला खबर नाही.

आपल्याकडे अशा वेळी लुकआउट सर्क्युलर असतं, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्याला अडवायची सूचना. पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने इमिग्रेशन ब्युरोला विनंती करायची. तिथे घोळ होतो तो नाव आणि पासपोर्ट क्रमांकात. क्रमांक नसेल तर एकाच नावाची पन्नास माणसं अडकतात आणि खरा आरोपी मधलं नाव गाळून निघून जातो. दुसऱ्याच्या पासपोर्टवर जाणाऱ्याला तेही अडवत नाही, तिथे फक्त चेहरा बघणारा माणूस कामाचा.

आणि पोलिसांसमोरचा जबाब. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतच नाही, साक्ष्य अधिनियम कलम २३. त्यामुळे चौकशीच्या खोलीतले व्हिडिओ दाखवून रंगवलेले प्रसंग पाहताना हे लक्षात असू द्या की इथल्या कोर्टात त्यातलं बहुतेक उपयोगी पडलं नसतं.

तर्री_पोहे

आणि ते नाक बदलणं, योगाच्या जाहिरातीवरून पकडणं, ते खरं आहे का बाप्पा? पिक्चरसारखं वाटून राहिलं.

धरमपेठी

खरं आहे. शस्त्रक्रियेवर ६,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च केले, नाकावर पट्टी होती आणि सांगायची की सर्फिंग करताना लागलं. सांता तेरेसा या समुद्रकाठच्या गावात २९ जून २०२२ ला सापडली. अमेरिकी मार्शलांनी योगशिक्षिका हवी अशी जाहिरात देऊन गळ टाकला होता. ४३ दिवस फरार. तिथून प्रत्यार्पण नाही, हद्दपारी झाली: बहिणीच्या पासपोर्टने शिरली म्हणून इमिग्रेशनने परत पाठवली. प्रत्यार्पणाला महिने लागले असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, खटल्याच्या तोंडावर, दवाखान्यात नेताना ती पुन्हा पळाली. दहा मिनिटांत धरली.

या भागावरच सगळ्यांची चर्चा अडकते म्हणून मला राग येतो. मोच्या शर्यतींचं विश्लेषण कोण करणार? स्कीइंगमधून आलेली मुलगी ग्रॅव्हलच्या उतारावर एवढी स्थिर का होती, यावर पाच मिनिटं देणं कठीण होतं का?

गोरेवाडा_एक्सप्रेस

अल्पाइन स्कीइंगमध्ये वळणाआधीच पुढच्या गेटवर नजर ठेवायची आणि वजन बाहेरच्या पायावर द्यायचं, हे शरीरात मुरलेलं असतं. सैल खडीवर वळताना बाहेरचा पेडल खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या टोकावर, हे तेच. आपल्याकडे बहुतेक जण खडी आली की पुढचा ब्रेक आवळतात आणि चाक घसरतं. गोरेवाड्याच्या मागच्या मुरमाड रस्त्यावर ४० मिलिमीटरचा टायर असेल तर ७० किलोच्या माणसाने ३५ ते ४० पीएसआयच ठेवा. ६० ठेवून "ग्रिप नाही" म्हणू नका.

उमरेड_रोड

९० वर्षं म्हणजे मेल्यावरही कैद?

वकील_सिव्हिल_लाइन्स

टेक्सासात खुनाला निम्मी शिक्षा किंवा ३० वर्षं, यातलं जे कमी ते भोगल्यावर पॅरोलचा अर्ज करता येतो. म्हणजे ३० वर्षं. शिक्षा ज्युरीनेच ठरवली, सोबत १०,००० डॉलर दंड. दोषी ठरवायला त्यांना दोन तास लागले. मोच्या आईवडिलांनी वेगळा दिवाणी दावा केला, त्यात २०२४ मध्ये १५ दशलक्ष डॉलरचा हुकूम झाला. तो वसूल होईल असं कोणी समजत नाही, पण आरोपीने पुढे पुस्तक किंवा मुलाखतीतून पैसे कमावले तर त्यावर कुटुंबाचा हक्क येतो. असा दावा लावण्यामागे हा हिशोब असतो.

आपल्याकडच्यांनी तुलना करायची तर सय्यद मोदी बघा. आठ वेळा राष्ट्रीय बॅडमिंटन विजेता, २८ जुलै १९८८ ला लखनौत स्टेडियमबाहेर गोळ्या घातल्या, तपास सीबीआयकडे, आणि एकाला जन्मठेप झाली ती २००९ मध्ये. ऑस्टिनचा खटला दीड वर्षात संपला.

तर्री_पोहे

बरं, आता सेटिंग सांगा राजेहो. डिलीट नाही करत.

साडेपाच_तास_पुढे

सेटिंग्ज, मग प्रायव्हसी कंट्रोल्स. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी प्रोफाइल पेज "फॉलोअर्स" वर न्या. हे बहुतेक जण सोडतात. प्रोफाइल "एव्हरीवन" असेल तर कोणीही परवानगीशिवाय फॉलो करू शकतो. मग अॅक्टिव्हिटी "फॉलोअर्स" वर ठेवण्याला अर्थ काय? कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगल्यासारखं. प्रोफाइल बदलल्यावर जुन्या फॉलोअर्सची यादी एकदा चाळा, अनोळखी काढून टाका. बदल नंतरच्या विनंत्यांना लागतो, आधी आत आलेले आतच राहतात.

मग मॅप व्हिजिबिलिटी. तिथे दोन वेगळे पर्याय: विशिष्ट पत्त्याभोवती लपवा, किंवा कुठेही असलात तरी सुरुवात आणि शेवट लपवा. दुसरा ठेवा. मोसारखा मुक्काम दुसऱ्याच्या घरी असेल तेव्हा पहिला काहीच कामाचा नाही, कारण तो पत्ता तुम्ही टाकलेलाच नसतो. अंतर २०० मीटरच्या पायऱ्यांनी १,६०० मीटरपर्यंत वाढवता येतं. २०० वर ठेवू नका. लक्ष्मीनगरात २०० मीटर म्हणजे दोन गल्ल्या.

यात एक भोक आहे. लपवलेल्या भागाचं अंतर राइडच्या एकूण अंतरात मोजलं जातं. नकाशावर दिसणारी रेघ मोजली आणि एकूणातून वजा केली की लपवलेलं किती ते कळतं. अशा वीस राइड वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या असतील तर मधलं घर शोधता येतं. उपाय: घरापासून दीडेक किलोमीटर गेल्यावर रेकॉर्डिंग सुरू करा. शंकरनगर चौकात भेटायचं असेल तर तिथेच बटण दाबा.

गोरेवाडा_एक्सप्रेस

१,६०० मीटर ठेवलं तर सेगमेंट (वेळेची स्पर्धा लागते ते रस्त्याचे ठरावीक टप्पे) जातात ना?

साडेपाच_तास_पुढे

हो, ज्या सेगमेंटची सुरुवात किंवा शेवट लपवलेल्या भागात येतो तो लीडरबोर्डवर धरत नाही. तेलंगखेडीला राहणाऱ्याला सेमिनरी हिल्सचा चढ सोडावा लागेल. तिथे मधला मार्ग म्हणजे ती एकच राइड "एव्हरीवन" ठेवायची, तिच्यापुरतं नकाशा लपवणं काढायचं आणि रेकॉर्डिंग फुटाळ्यावरून सुरू करून तिथेच थांबवायचं.

फ्लायबाय (वाटेत कोण जवळून गेलं ते दाखवणारी सोय) बंद आहे का पाहा. २०२० नंतर ते आपोआप बंद असतं, पण जुन्या खात्यांत कोणी स्वतः चालू केलेलं असतं. ग्रुप अॅक्टिव्हिटीचंही तपासा: तुम्ही सगळं लपवलं आणि सोबतच्याने उघडं ठेवलं तर त्याच्या राइडखाली तुमचं नाव येतं, आणि तो तुम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला असेल तर रेघही तिथपर्यंत जाते. एकत्रित डेटाचा पर्याय पण बंद करता येतो. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावाच्या जागतिक हीटमॅपवरून (सगळ्यांच्या राइड एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून) लष्करी तळांचे आकार दिसले होते, ते याच डेटातून.

फोटो विसरू नका. नकाशा लपवून फाटकाचा पाटीसकट फोटो टाकणारे इथे कमी नाहीत. आणि "होम टू रामटेक" असं नाव देऊ नका.

उमरेड_रोड

गार्मिनच्या जीपीएस यंत्रावरून स्ट्रावाला आपोआप जातं त्याचं काय?

साडेपाच_तास_पुढे

गार्मिन कनेक्टची सेटिंग वेगळी असते, स्ट्रावात बदललेलं तिकडे लागत नाही. तिथे प्रायव्हसी झोन स्वतंत्र आखा, अॅक्टिव्हिटी "ओन्ली मी" ठेवली तरी स्ट्रावाला फाइल जातेच. लाइव्हट्रॅक (चालू राइडचं थेट ठिकाण दाखवणारी लिंक) आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद ठेवा, आणि राइड संपल्यावर लिंक चालू ठेवण्याचाही. एकट्याने काटोल रोडला जाताना लिंक घरच्या दोघांना पाठवा, दीडशे माणसांच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर कोण कोण आहे हे अॅडमिनलाही आठवत नाही.

तर्री_पोहे

जुन्या राइडचं काय भाऊ? चार वर्षांच्या आहेत.

साडेपाच_तास_पुढे

राइड कोणाला दिसते ही नवीन सेटिंग जुन्या राइडना आपोआप लागत नाही, ही सगळ्यात मोठी फसगत. प्रायव्हसी कंट्रोल्सच्या तळाशी "एडिट पास्ट अॅक्टिव्हिटीज" आहे, तिथून एकदम सगळ्या बदलता येतात. आधी ज्या सेगमेंटवरचा विक्रम ठेवायचा आहे त्या राइडची यादी काढून ठेवा. लपवलेल्या राइड लीडरबोर्डवरून उतरतात, आणि नंतर एकेक शोधून परत उघडाव्या लागतात.